डी अँड डी चालवायला शिकवणाऱ्या ताईंना, संभाजीनगरहून

ताई, नमस्कार. तुमची बदली झाल्यापासून रविवारचा डी अँड डीचा गेम (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट खेळायची) मीच चालवायलोय आणि पोरं अजून टिकून आहेत. आभार मानायचे राहूनच गेले होते. सगळ्यांसमोर लिहायलो, म्हणजे आपल्याकडं कुणी नवीन डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गेम चालवणारा) व्हायला निघालं असंल तर त्यालाबी तुमचं सांगणं कामाला येईल.

सगळ्यात मोठे उपकार म्हणजे तुम्ही मला गोष्ट लिहूच दिली नाही. म्हणलात जागा लिही, माणसं लिही, आणि प्रत्येकाचे तीनच प्रश्न सोडव: हा कोण, याला काय पाहिजे, आणि हिरो आलेच नाहीत तर हा उद्या काय करणार. जागा पण तुम्हीच दाखवली, आपला देवगिरी. खंदक, तासलेला कडा आणि आत ती अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, वटवाघळांच्या वासासकट, एवढा तयार डंजन (हिरोंनी शिरायची धोक्याची जागा) दारात असताना लोक युरोपातले किल्ले कशाला शोधतात काय माहीत.

तर मी अंधारीत सापळे, धूर, पहारेकरी सगळं मांडून बसलो आणि आमचे पाच शहाणे आत गेलेच नाहीत! एकाला १२९६ चा खिलजीचा वेढा आठवला, कोठारातल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं म्हणून यादवांना हार मानावी लागली असं सांगतात ना, तो म्हणला आपण पोतीच बदलू. अख्खा सेशन बाजारात, हमालांत आणि मिठाच्या व्यापाऱ्याशी घासाघीस करण्यात गेला, लई मजा आली, आणि मला काही जड गेलं नाही कारण कोठाराचा कारभारी कुणाला घाबरतो हे वहीत होतं. अंधारी तशीच शिल्लक आहे, पुढं कामाला येईल.

बाकीचं पण लक्षात आहे. हुकलं तर काय बिघडंल हे सांगता येत नसंल तर फासा टाकायलाच लावायचा नाही. फासा टाकून गाठायचा आकडा सोप्या कामाला १०, मध्यमला १५, अवघडला २०, एवढ्यावर कितीतरी रात्री निघतात, नियम आठवला नाही तर तिथंच काहीतरी ठरवायचं, पुस्तक घरी जाऊन उघडायचं. एकटा मोठा राक्षस ठेवायचा नाही, कारण त्याचा एक डाव होईस्तोवर समोरून पाच डाव पडतात, सोबत चार चिल्लर पाहिजेतच. पण पहिल्या लेव्हलला हात आखडता, जादूगाराचे सात-आठ हिट पॉइंट (म्हणजे जीव), गॉब्लिन नावाच्या छोट्या राक्षसाचा एक जोराचा फटका बसला की आडवा. आणि महत्त्वाचा सुगावा एकाच ठिकाणी लपवायचा नाही, तीन ठिकाणी ठेवला तर एक तरी सापडतो.

पण खरं सांगू का, मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो सेशन झिरो, म्हणजे गेम सुरू व्हायच्या आधीची बैठक. टेबलावर कुणाला काय नको हे आधीच विचारून घ्यायचं हे मला आधी उगाच वाटलेलं, पण एका पोरीनं सांगितलं की लहान लेकरं मरणारा सीन नको, आणि विषय तिथंच संपला, नंतर कुणाचं तोंड पडलं नाही. जो गप बसतो त्याला "तू काय करतोस" असं न विचारता त्याच्या पात्राचं नाव घेऊन विचारायचं हेही तुमचंच, आमचा सगळ्यात लाजाळू गडी आता व्यापाऱ्यांशी भांडायलाय.

दिवाळीत घरी येणार असाल तर आधी कळवा ताई, पहिल्या लेव्हलची चोरटी बनवून ठेवतो. यावेळी फासे तुम्ही टाकायचे, आकडा मी ठरवणार.