खंदक फक्त फ्रान्समध्ये नव्हते

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पहिल्या महायुद्धातल्या खंदकांवरचा लेख वाचला. सोम नदी, चिखल, उंदीर, काटेरी तारा, सगळे त्यात आले आहे आणि चांगले आले आहे. पण आमच्या तालुक्यातली माणसे त्या खंदकांत नव्हती. ती इराकमधल्या बसऱ्याला गेली होती. माझी आजी या युद्धाला ‘जर्मनची लढाई’ म्हणायची; प्रत्यक्षात समोर होते तुर्क. त्यांचा सेनापती फॉन डेर गोल्ट्स तेवढा जर्मन!

मराठी माणूस फ्रान्सला गेलाच नाही, असे नाही. बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या कंपन्या तिथल्या न्यूव्ह शापेलला लढल्या. मात्र १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. बगदादच्या अलीकडे टेसिफोनला मार खाऊन हे सैन्य डिसेंबर १९१५ मध्ये टायग्रिसच्या वळणात वसलेल्या कुट गावात मागे आले. तीन बाजूंना नदी, चौथ्या बाजूला आडवे खंदक. ७ डिसेंबरला वेढा पडला, तो २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनेच संपला. जवळपास १४५ दिवस होतात.

तिथला खंदक म्हणजे आपल्या भातखाचरातला चिखल समजा, फक्त त्याला बांध नाही. जानेवारीत पाऊस झाला, टायग्रिस फुगली आणि पाणी खंदकांत शिरले. पुढची ओळ सोडून मागे यावे लागले. तुर्कांचीही तीच गत झाली, तेही हटले. इतके दिवस गोळ्यांना न हटलेले दोन्ही पक्ष पाण्यापुढे हटले.

पुढे उपासमार सुरू झाली. गावात जव सापडले, पण दळायचे कशावर? तेव्हा विमानातून जात्याचे दगड टाकले गेले. एप्रिलमध्ये पिठाची पोतीही विमानातून टाकली. वेढ्यातल्या सैन्याला हवेतून रसद पुरवण्याचा जगातला हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांकडे. शेवटी शेवटी माणशी पीठ चार-पाच औंसांवर आले. आजच्या मापात सव्वाशे ग्रॅम, म्हणजे मोठ्या दोन भाकरींचेही नाही.

घोडे आणि खेचरे कापून मांस वाटले जात होते. गोऱ्या सैनिकांनी ते खाल्ले. हिंदी सैनिकांतल्या बहुतेकांनी कित्येक आठवडे हात लावला नाही; हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली, तरीही नाही. ताजे काही पोटात नसल्याने हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागले. तो स्कर्व्ही. नदीकाठचा रानपाला खुडून आणायला माणसे लावली गेली. गोऱ्यांना मात्र आधी बेरीबेरीने धरले होते, कारण पांढऱ्या मैद्याचा पाव! जवाचे पीठ आणि घोड्याचे मांस खावे लागल्यावर तो ओसरला. एकाच खंदकातल्या दोन माणसांना दोन वेगळे आजार, ते निव्वळ ताटामुळे. शाळेत इतिहास शिकवताना मी हे मुलांना सांगायचो. पाठ्यपुस्तकात ते नव्हते, पण मुलांना तेवढेच लक्षात राहायचे.

कुटमध्ये अडकलेल्यांना सोडवायला निघालेल्या फौजेची २३,००० माणसे मेली किंवा जखमी झाली. आत होती सुमारे १३,०००, नोकरचाकर धरून. शरणागतीनंतर त्यांना वाळवंटातून चालवत नेले, पुष्कळांना रेल्वेच्या कामाला जुंपले. त्यांचे सेनापती जनरल टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले. त्यांच्या स्पॉट नावाच्या कुत्र्यालाही तुर्कांनी सुखरूप ब्रिटिशांकडे पोहोचवले. कुत्र्याचे नाव इतिहासात आहे, हे लक्षात घ्या.

कारण बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली. साध्या शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव कबूल केला आहे. आमच्या गावच्या जुन्या शाळेच्या भिंतीतही संगमरवरी पाटी आहे: या गावातून महायुद्धास इतके गेले, इतक्यांनी प्राण दिले. साल १९१४–१९१९, कारण तह १९१९ चा. दोन आकडे आहेत, नाव एकाचेही नाही. गेल्या डागडुजीत रंगाऱ्याने पाटीवरूनही ऑइलपेंट फिरवला. आकडेही गेले. मी नखाने खरवडून पाहिले, ‘१९१४’ तेवढे निघाले.

नावे मात्र घराघरांत आहेत. त्या युद्धाचे चांदीचे पदक सैनिकांना मिळे आणि त्याच्या कडेवर क्रमांक, नाव, पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत कोरलेली असे. आमच्या वाडीत एक निघाले, देव्हाऱ्यात, कुंकवाने माखलेले. लिंबू-राखेने घासल्यावर कडेवर ‘११७ मराठाज’ दिसले. बाकीची चांदीच्या भावाने सोनाराकडे गेली असावीत.

म्हणून विनंती. आपल्या दैनिकाने रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरच्या वाचकांकडून अशा पदकांचे फोटो मागवावेत आणि नावे गाववार छापावीत. फक्त एक कळवावे, फोटो कडेचा हवा. दर्शनी बाजूला सगळ्यांच्या पंचम जॉर्जच आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. खेड, जि. रत्नागिरी