रिमांडवर सही करण्याआधी

प्रिय मित्रा,

तू प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी झालास, हे कळल्यावर आईनं गावभर पेढे वाटले. वसतिगृहात एकाच डब्यात दोघं जेवलो, त्याची आठवण काढून ती रडलीसुद्धा. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. डोळ्यांसमोर माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी येत राहिली. तिच्यासाठीच हे पत्र.

ती फासेपारध्यांची. गावाबाहेर गायरानात त्यांची सात-आठ पालं आहेत. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गावात घर फुटलं आणि पहाटे तिच्या बापाला उचलून नेलं. तो त्या रात्री उसाच्या फडावर होता, मुकादम तसं सांगत होता, पण कुणी ऐकून घेतलं नाही. कुठं चोरी झाली की आधी पालावर जायचं, ही रीतच पडलीय. त्याच्यावर पूर्वी एकही गुन्हा शाबीत झालेला नव्हता, तरी रिमांडच्या कागदावर लिहिलं होतं : सराईत गुन्हेगार. पुढे जामीन मंजूर झाला, पण जामीनदार कुठून आणायचा? सातबारावाला माणूस पारध्यासाठी उभा राहत नाही. शेवटी मी माझी पगाराची स्लिप घेऊन गेलो. तोवर ४७ दिवस गेले होते.

तेवढे दिवस पोरगी आईबरोबर भंगार वेचत होती. शाळेत परतली त्या दिवशी मी हजेरी घेताना तिचं नाव पुकारलं, तर ती दचकून भिंतीला चिकटली.

हजेरी हा शब्द त्या पालावर वेगळाच ऐकू येतो रे. तिथली सर्वांत म्हातारी बाई आपल्या बापाची गोष्ट सांगते. तो रोज हजेरी द्यायचा, पोलिसांपुढे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा पोर सुतार होतो तसा चोराचा पोर चोरच होणार, असं त्यामागचं तर्कट. १९११ नंतर तो देशभर लागू करता येऊ लागला. पारध्यांसारख्या जमातीचं नाव यादीत चढलं की तान्ह्या पोराच्या कपाळीही शिक्का. गाव सोडायचं तर पास हवा. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात सेटलमेंट होती, आणि तिथल्या एका भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि यादीतली नावं ठाण्याच्या डोक्यातून पुसली गेली नाहीत.

तू म्हणशील, मास्तर, काहीजण चोऱ्या करतातच की. करतात. ज्यानं केली त्याच्यावर खटला चालव, शिक्षा दे, मी आड येणार नाही. पण नाशिकचं प्रकरण तुला माहीत असेलच. २००३ च्या दरोडा, खून आणि बलात्काराच्या गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहाजणांना फाशी सुनावली गेली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सहाही जणांना फाशीचीच शिक्षा ठोठावली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईनं पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळेच लोक ओळखले होते, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. सहापैकी एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकी ५ लाख भरपाई मिळाली. सोळा वर्षांची. ज्यांनी तो अत्याचार केला ते मोकळेच राहिले, हा त्या बाईवरही झालेला दुसरा अन्याय नाही का?

हे सगळं पहिल्या पायरीवर, म्हणजे तुझ्या टेबलावर थांबवता येतं. म्हणून हक्कानं मागतो. कागदावर 'सराईत' दिसलं की विचार : कशावरून? कोणता खटला, कोणती शिक्षा, कोणत्या साली? उत्तर नसेल तर तो शब्द तुझ्या आदेशात उतरू देऊ नकोस. पोलिसांना बाहेर थांबवून आरोपीला विचार, मारलं का? पारधी भाषेत बोलला आणि तुला कळलं नाही, तर कळणारा माणूस बोलावून घे. आणि जामीन दिलास की विसरू नकोस. महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर अट सैल करण्याचा विचार न्यायालयानं करावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्येच सांगितलंय. आमच्या माणसाच्या वेळी कुणी त्याची आठवणही काढली नाही. मलाही तेव्हा ते ठाऊक नव्हतं, याची फार खंत वाटते.

सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या याचिकेवरचा ३ ऑक्टोबर २०२४ चा निकाल तर तू नक्की वाच. तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला लावलाय, आणि विमुक्त, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या लोकांची मनमानी अटक होऊ नये, असंही पोलिसांना बजावलंय. त्याची छापील प्रत टेबलाच्या खणात ठेव.

रुजू होण्याआधी एक दिवस काढून ये. पालावर जाऊ. साध्या कपड्यातला कुणीही परका दिसला तरी बाया पोरांना आत ओढतात, तेव्हा आधी थोडा वेळ बाहेरच बसावं लागेल. मी सोबत असेन. त्या पोरीला तुझ्यासमोर पाढे म्हणायला लावतो, एकोणतीसपर्यंत येतात तिला.

तुझाच,
मास्तर