नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

संपादक महोदय,

समलिंगी विवाहाच्या चर्चेत दोन निकालांची सर्रास गल्लत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या दंड संहितेच्या कलम ३७७ मधला तो गुन्हा काढला, लग्न दिलं नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाचही न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नाही असं म्हटलं; नागरी सहजीवनाची (लग्नाशिवाय जोडपं म्हणून कायदेशीर नात्याची) मान्यताही तीन विरुद्ध दोन अशी नाकारली गेली. पुनर्विचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या. म्हणजे विशेष विवाह कायद्याची तीस दिवसांची नोटीस बेळगावातल्या दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना आजही देता येत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना बँकेत जॉइंट खातं काढता येतं, जोडीदाराला नॉमिनीही करता येतं. तेवढ्यावर लोक निर्धास्त होतात, आणि घोळ इथेच होतो. नॉमिनी पैसे हातात घेतो, मालक होत नाही. विम्यात मात्र २०१५ पासून आईवडील, पती-पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. त्या यादीत समलिंगी जोडीदार नाही. मृत्युपत्र नसेल तर अविवाहित हिंदू पुरुषाची मिळकत आधी आईकडे, ती नसेल तर वडिलांकडे जाते. वीस वर्षं एका घरात राहिलेल्याला त्यात काही नाही.

म्हणून मृत्युपत्र हवंच. साक्षीदार दोन, आणि जोडीदार त्यांत नको. खाते क्रमांक, उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर, सिटी सर्व्हे नंबर नेमके लिहा. 'माझी सर्व मिळकत' एवढंच लिहिलं की काय काय होतं ते शोधत बसावं लागतं. नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांक शुल्कही नाही, पण घरच्यांचा विरोध असेल तर सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेलंच बरं. नोंदणी कायद्याचं कलम १९ सांगतं, जिल्ह्यात सर्रास वापरात नसलेली आणि अधिकाऱ्याला न समजणारी भाषा असेल तरच भाषांतर मागता येतं. बेळगावात मराठी सर्रास वापरात आहे, म्हणून ती त्यात बसत नाही. पण भाषेचा वाद घालण्याची जागा ती नव्हे. मृत्युपत्र मराठीत करा, कन्नड भाषांतर सोबत न्या.

मुखत्यारपत्रावर फार विसंबू नका. देणारा गेला की ते संपतं.

आजारपणासाठी आगाऊ वैद्यकीय निर्देश वेगळा करावा लागतो: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. तो असाध्य अवस्थेतल्या उपचारांपुरताच चालतो. जोडीदाराचं नाव त्यात पालक (आपल्या वतीने निर्णय घेणारा, गार्डियन) म्हणून घाला आणि प्रत त्याच्या मोबाईलमध्ये ठेवा. माणूस कोल्हापूरच्या दवाखान्यात असतो आणि कागद बेळगावच्या खडेबाजारातल्या कपाटात.

– एक वकील, टिळकवाडी, बेळगाव