रॉमची चिप पाठवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

काल रात्री माझा नव्याने बांधलेला झेडएक्स स्पेक्ट्रमचा बोर्ड चालू झाला. पडदा आधी काळा, मग पांढरा, आणि तळाशी ती ओळ: © १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड. बराच वेळ नुसता बघत बसलो. ती ओळ तुम्ही दिलेल्या रॉममधून, संगणकाचा कायमचा प्रोग्राम साठवलेल्या त्या चिपमधून, उमटली होती.

सिंक्लेअरचा हा १९८०च्या दशकातला घरगुती संगणक नव्याने बांधायचा तर खरी लढाई युएलए नावाच्या चिपशी, हे मला माहीत होतं. चित्र, कीबोर्ड, टेप, आवाज, शिवाय झेड८० या प्रोसेसरचा ३.५ मेगाहर्ट्झचा क्लॉक, सगळं त्या एका चिपकडे. तिचं काम ७४ मालिकेतल्या साध्या चिपांकडून करून घेताना महिने गेले. पडद्याची मेमरी युएलए आणि झेड८० दोघांना एकदम हवी झाली की युएलए झेड८०चा क्लॉक रोखून धरते. तो नेमका कधी रोखायचा आणि कधी सोडायचा, हे तुम्ही फोनवर मला कागद-पेन्सिल घ्यायला लावून शिकवलंत. एकदा नाही, चार वेळा.

रॉमचा मात्र मी विचारच केला नव्हता. १६ केबीची फाइल उतरवायची, ईप्रॉममध्ये, म्हणजे पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपमध्ये, भरायची, बोर्ड मित्रांना वाटायचे, झालं! तुम्ही अडवलंत. सिंक्लेअरचा कॉम्प्युटर-व्यवसाय १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने घेतला. १९९९ मध्ये त्यांनी एम्युलेटरसोबत (म्हणजे आजच्या संगणकावर जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत) रॉम द्यायला मोकळ्या मनाने संमती दिली, पण कॉपीराइट स्वतःकडे ठेवून, आणि त्यातली कॉपीराइटची ओळ न बदलण्याच्या अटीवर. “ती संमती एम्युलेटरसाठी आहे. तुझ्या बोर्डासाठी आहे असं आपणच कसं ठरवायचं?” तेव्हा मला राग आला होता, काका. तुमचंच बरोबर होतं.

आठवड्याने पार्सल आलं. तुमच्या बंद पडलेल्या स्पेक्ट्रममधली मूळ रॉम, काळ्या फोममध्ये खोचलेली, २८ पिनांपैकी एकही वाकलेली नाही. सोबत चिठ्ठी: “एनईसी कंपनीची आहे, बोर्डावरच्या रॉमच्या जोडण्या ‘एन’कडे ठेव.” कसलीच नक्कल नाही, १९८०च्या दशकात रीतसर विकली गेलेली चिप एका बोर्डावरून उठून दुसऱ्यावर बसली, इतकंच.

मित्रांच्या बोर्डांवर आता रॉमचा सॉकेट रिकामा ठेवतो आहे. ज्याने त्याने आपल्या बंद मशीनमधली चिप आणावी.

आणि तुमच्या मशीनची युएलएच गेली होती ना? नवा बोर्ड त्या जुन्या केसच्या मापाचाच केला आहे. पुढच्या आठवड्यात पाठवतो, तुमची रॉम त्यावर बसवून.

तुमचा,
फोनवरचा विद्यार्थी