रिपोर्टातले शब्द आईबापांना कोण समजावणार?

मा. संपादक, नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत विशेष गरजा असलेल्या मुलांवर लेख आला होता, लिहिणाऱ्याची कळकळ खरी आहे त्याबद्दल वाद नाही, पण सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालीत आलेली अडचण, हा 'हळूहळू वाढत जाणारा आजार' आहे असं त्यात छापलंय ते चूक आहे, म्हणून हे पत्र. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा तिथल्या तिथे थांबलेली असते, ती पुढे पसरत नाही. वाढतं ते मूल. हाडं लांब होत जातात आणि आखडलेले स्नायू त्या वेगाने लांब होत नाहीत, म्हणून लहानपणी बरं चालणारं पोरगं पुढे गुडघ्यात जास्त वाकून चालायला लागतं आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला. मग काय, परत एमआरआय करा म्हणून मागे लागतात, आणि ज्याची खरी गरज आहे ते स्ट्रेचिंग, स्प्लिंट, खुब्याचा एक्सरे हे राहून जातं. एका चुकीच्या शब्दाने इतकं होतं.

मी विशेष शिक्षिका आहे. पालक येतात ते जाड फाईल घेऊनच येतात, आणि त्यातला निम्मा मजकूर त्यांना कुणी वाचून दाखवलेला नसतो. मी डॉक्टर नाही, निदान करणं माझं काम नाही हे आधीच सांगते. पण इतकी वर्षं फायली बघून एक नक्की कळलंय की रिपोर्ट एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिलेला असतो, आईबाप मधल्या मधे फक्त तो इकडून तिकडे नेतात. आणि त्यातले बरेचसे शब्द म्हणजे काय दिसलं याची नुसती नोंद असते, ते का झालं किंवा पुढे काय होणार ते त्या शब्दात नसतंच. 'हायपोटोनिया' म्हणजे स्नायू ढिले आहेत, बस एवढंच, कारण काहीही असू शकतं, पण घरी जाऊन मोबाईलवर शोधलं की नेमका सगळ्यात भयंकर आजार पहिला समोर येतो आणि आई रात्रभर झोपत नाही. आर-ओ लिहून पुढे आजाराचं नाव असलं तर त्याचा अर्थ 'हे नाही ना ते तपासा' असा असतो, आणि लोक ते नावच निदान म्हणून नातेवाईकांना सांगत फिरतात.

'डिले' या शब्दाने तर फार घोळ घातलाय. डिले म्हटलं की वाटतं गाडी लेट आहे पण येणारच. काही मुलं खरंच गाठतात, नाही असं नाही. पण ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले (सगळ्याच बाबतीत वाढ मागे असणं) हे निदान पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आहे, कारण त्या वयात नीट मोजमाप करणं अवघड असतं. पाचनंतर मुलाची परत असेसमेंट व्हायला हवी आणि मग ठरवायचं की हे बौद्धिक अक्षमता आहे की भाषेचा प्रश्न आहे की आणखी काही. माझ्याकडे मात्र आठ वर्षांच्या मुलाच्या फाईलीत तोच जुना डिले बसलेला असतो आणि घरचे अजून वाट बघतायत. याच्या उलट प्रीमॅच्युअर बाळांचं होतं, आठ आठवडे आधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांचं होईपर्यंत ते आठ आठवडे वजा करून धरायचं असतं, हे करेक्टेड एज कुणी सांगत नाही आणि सहा महिन्यांचं बाळ बसत नाही म्हणून रडारड सुरू होते.

लेव्हल आणि माइल्ड, मॉडरेट, सिव्हियर हे शब्द ऐकले की पहिलं विचारावं, कशाची लेव्हल? सेरेब्रल पाल्सीत एक ते पाच लेव्हल असतात, त्या फक्त हालचालीच्या आहेत. पाच म्हणजे व्हीलचेअर लागणार, मान सावरायलासुद्धा आधार लागणार, पण बुद्धीबद्दल त्या आकड्यात एक अक्षर नाही. लेव्हल पाचची मुलं डोळ्यांच्या इशाऱ्याने बोर्डवरचं चित्र दाखवून बरोबर उत्तर देतात आणि पाहुणे त्यांच्यासमोरच 'याला काही कळत नसेल ना हो' म्हणतात. ऑटिझममध्ये, म्हणजे स्वमग्नतेत, लेव्हल तीनच, त्या मुलाला आधार किती लागतो त्याच्या, आणि त्याचा पाल्सीच्या लेव्हलशी काही संबंध नाही. ऐकू कमी येण्यात माइल्ड म्हणजे डेसिबलच्या तक्त्यावर माइल्ड. शांत खोलीत हाक मारली की मूल वळून बघतं म्हणून घरचे म्हणतात ऐकू तर येतंय की, पण भरलेल्या वर्गात बाईंनी फळ्याकडे तोंड करून सांगितलेलं त्याला अर्धंच पोचतं, स आणि फ सारखे बारीक आवाज तर गळूनच जातात. मग ते लक्ष न देणारं पोर ठरतं.

ऑटिझमबद्दल मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे एमआरआय नॉर्मल आलाय मग ऑटिझम नाही ना? ऑटिझम एमआरआयमध्ये दिसत नाही आणि रक्तातही सापडत नाही, तो मुलाला बघून, आईबापांना नीट विचारून ठरवतात. आणि जुन्या फाईलीत अ‍ॅस्पर्गर लिहिलंय आणि नव्यात ऑटिझम, म्हणून पोरगं बिघडलं असं समजू नका, २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तकाने अ‍ॅस्पर्गर हे वेगळं नाव काढून ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये घातलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही आजारांची यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली त्यातही तसंच आहे. मूल तेच आहे, कप्पा बदलला.

आता जे लिहायला मुख्यतः बसले ते. कंजेनिटल, जेनेटिक आणि हेरेडिटरी हे तीन शब्द सगळे एकाच अर्थाने वापरतात आणि त्याची शिक्षा आईला होते. कंजेनिटल म्हणजे जन्मापासून असलेलं, कारण गरोदरपणातलं इन्फेक्शनसुद्धा असू शकतं. जेनेटिक म्हणजे जनुकात किंवा गुणसूत्रात बदल आहे. आणि हेरेडिटरी म्हणजे तो बदल आईबापांकडून आला. डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते, हे १९५९ मध्येच कळलंय, आणि बहुतेक वेळा ती प्रत बीज तयार होताना चुकून जास्तीची येते, घराण्यात कुणाला काही नसतं. थोड्या मुलांत ट्रान्सलोकेशन असतं, म्हणजे ती जादा प्रत दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेली असते, तेव्हा मात्र आईबापांची कॅरिओटाइप टेस्ट, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी करावी लागते. रिपोर्टात 'डी नोव्हो' लिहिलं असेल तर सरळ अर्थ असा की तो बदल तपासणीत आईकडे पण नाही आणि बापाकडे पण नाही, मुलात नव्याने झालाय. आईच्या दृष्टीने अख्ख्या रिपोर्टातला हा सगळ्यात मोठा शब्द आहे आणि तो कुणी तिच्या सासरी मोठ्याने वाचून दाखवत नाही. व्हीयूएस असं लिहिलेलं असलं तर बदल सापडलाय पण तो दोषी आहे की नाही ते आत्ता ठरवता येत नाही, पुढे माहिती वाढली की त्याचा अर्थ बदलू शकतो, तेव्हा त्या तीन अक्षरांवर कुणी पुढच्या बाळाचे निर्णय घेऊ नयेत, जेनेटिक काउन्सेलरला विचारावं.

पर्सेंटाइलचं पण एक सांगून टाकते, पाचवा पर्सेंटाइल म्हणजे शंभरात पाच मार्क नव्हेत, त्याच वयाच्या शंभर मुलांत साधारण पंच्याण्णव याच्या पुढे आहेत असा त्याचा अर्थ. आणि 'मानसिक वय चार' लिहिलेल्या बारा वर्षांच्या मुलीला चार वर्षांची समजून वागवू नका, तिला पाळी येणार आहे, तिला स्वतःची खोली आणि लाज दोन्ही आहेत.

अशा मुलांना विशेष म्हणायचं की आणखी काय यावर तुमच्याकडे पत्रं भरभरून येतात, येऊ देत, पण डॉक्टरांनी रिपोर्टच्या खाली साध्या मराठीत चार ओळी लिहिल्या तर त्याचा उपयोग जास्त होईल असं माझं मत आहे. काय दिसलं, का झालं असावं, काय अजून माहीत नाही, आणि पुन्हा कधी तपासायचं. डॉक्टरांना वेळ नसतो हे मान्य, चार ओळींपुरता काढावा. आणि तुम्ही पुरवणीत दर आठवड्याला एक शब्द घेऊन तो तज्ज्ञांकडून समजावून द्याल का? फायलींत सारखे येणारे शब्द मी लिहून ठेवलेत, हवे असतील तर पाठवते. सुरुवात सेरेब्रल पाल्सीपासून करा, तेवढीच दुरुस्तीही होऊन जाईल.

आपली,
एक विशेष शिक्षिका