साच्यांच्या पैशावरचं शिकारगृह

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला स्कॉटलंडच्या बेटांवरचा लेख आवडला. मात्र रम बेटावरचा किनलॉक कॅसल त्यात एखाद्या जुन्या सरदार घराण्याची गढी असल्यासारखा आला आहे. बुरूज आहेत, तटाला चर्याही आहेत. पण या चर्यांआडून कधी गोळी सुटलेली नाही. गोळ्या सुटायच्या त्या डोंगरात, हरणांवर. व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या वर्षांत, १८९७ ते १९०० या काळात, शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी जॉर्ज बुलो यांनी हा बंगला बांधला.

पैसा कुठून आला हे लेखात नाही, आणि गिरणगावातल्या वाचकाला नेमकं तेच कळायला हवं. जॉर्ज यांचे आजोबा जेम्स बुलो मूळचे विणकर. विल्यम केनवर्दी यांच्यासह त्यांनी १८४२ साली लँकेशायर लूम हा यंत्रमाग, म्हणजे गिरणीच्या भाषेत साचा, तयार केला. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की हा साचा आपोआप थांबतो, त्यामुळे एका माणसाला एकापेक्षा जास्त साचे सांभाळता येऊ लागले. परळच्या गिरणीत साचेखात्यात असलेले माझे वडील याच जातीच्या साच्यांवर राबले. पाळी संपवून आले तरी घरात मोठ्यानेच बोलायचे. पुढे अ‍ॅक्रिंग्टन या इंग्लंडमधल्या गावातल्या बुलोंच्या कारखान्याची यंत्रं जगभर गेली आणि जेम्स यांचे पुत्र जॉन यांनी १८८८ मध्ये अख्खं रम बेट विकत घेतलं. ते मोकळं मिळालं त्यालाही कारण आहे. १८२६ साली तिथल्या कुळांच्या सुमारे ३०० माणसांना जहाजात बसवून कॅनडात धाडलं होतं. आधी मेंढ्यांसाठी रान मोकळं केलं, मग तेच हरणांना दिलं.

आता इमारत बघा. बेटावर दगडाला तोटा नाही, तरी भिंतींसाठी लाल वालुकाश्म बाहेरून जहाजाने आणला. तळमजल्याला कमानींचा व्हरांडा आहे, कारण तिथे पाऊस धो धो पडतो आणि पाहुण्यांना पाय मोकळे करायला जागा हवी. कोकणातल्या घराला पडवी लागते तसंच. आत दुमजली उंचीचा दिवाणखाना, वर सज्जा, भिंतींवर सांबरशिंगांसारखी पसरलेली शिंगं. नाचाच्या दालनाच्या खिडक्या मुद्दाम उंचावर ठेवल्या आहेत, बाहेरून कुणाला आत डोकावता येऊ नये म्हणून. पेयं आत द्यायलाही भिंतीत दुहेरी दारांची खिडकी: नोकराचा हात नको, नजर तर नकोच. माझ्या मते या वास्तूचा खरा आराखडा या खिडकीत आहे, बुरुजांत नाही.

बाकी सगळं कारखानदाराचं डोकं. ओढ्याचं पाणी अडवून वीज केलेली, आणि तीही १९०० च्या सुमारास, एका आडबाजूच्या बेटावर! न्हाणीघरात वरून, बाजूने, खालून पाण्याचे फवारे सोडणारा टब. जिन्याखाली विजेवर चालणारा ऑर्केस्ट्रियन. भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी फिरली की अख्खा वाद्यवृंद वाजायचा. नक्षीचं कापड विणणाऱ्या जॅकार्डच्या साच्यातही भोकं पाडलेले पुठ्ठेच फिरतात, हे बुलोंना कुणी सांगायला नको होतं.

बेट १९५७ मध्ये सरकारी निसर्गसंस्थेकडे गेलं. ज्या हरणांसाठी हा खटाटोप झाला, त्यांची आता पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवली जाते. तिथल्या तांबड्या हरणांचा अभ्यास १९५३ पासून चालू आहे. बंगल्यात मात्र पाणी झिरपतं, लाकूड कुजतं आणि दुरुस्तीचा खर्च कुणी उचलायचा यावर वाद चालतात. तो पाडावा असं मला वाटत नाही. आमच्याकडे गिरण्या पाडून टॉवर उभे केले, चिमण्या तेवढ्या कुठे कुठे ठेवल्या, त्यामुळे साच्याची कमाई कुठे गेली हे दाखवायला इथे काही उरलेलं नाही. तिथे ती निदान उभी आहे, शिंगांसकट.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर जेम्स बुलो आणि बेट सोडायला लागलेली ती कुळं यांच्यावर दोन परिच्छेद द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, लालबाग, मुंबई