एरर नाण्याचा खरेखोटेपणा टांकसाळीनेच सांगावा : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अर्थमंत्री महोदया,

स. न. वि. वि.

मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चारही टांकसाळी आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, म्हणून हे पत्र आपल्याला. तिथे पडणाऱ्या असंख्य नाण्यांतलं एखादं चुकीचं छापलं जातं, तपासणीतून निसटतं आणि बँकेच्या थैलीतून लोकांच्या हाती येतं. संग्राहक त्याला एरर कॉइन म्हणतात. लिलावात अशा नाण्यांना चांगला भाव मिळतो. पण त्याच लिलावांत व्हाइसमध्ये (लोखंडी शिकंज्यात) दाबून, कानशीने घासून, मुलामा चढवून मुद्दाम 'चुकवलेली' नाणीही विकली जातात. अशा वेळी निवाडा मागायला ग्राहकाने कुणाकडे जायचं, हेच ठरलेलं नाही.

मी इंदूरचा. पीथमपूरच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये माझी नोकरी झाली. डाय म्हणजे ठसा, पंच म्हणजे पत्रा कापणारा दांडा, आणि पत्रा यांच्याशीच रोजचा संबंध. त्यामुळे नाणेसंग्राहक मंडळी शंका आली की माझ्याकडे येतात. रामबागेतले एक निवृत्त शिक्षक असेच एक नाणं घेऊन आले. पाच रुपयांचं, १९९२ पासून चलनात आलेलं ते जाड कॉपर-निकेलचं. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये त्याला 'ब्रोकेज' म्हटलं होतं. त्यांनी पेन्शनमधून साठवलेले पैसे त्यावर घातले होते.

ब्रोकेज कसं होतं, ते आधी सांगतो. छापलेलं एक नाणं बाहेर न पडता ठशाला चिकटून राहतं. त्याच्याखाली पुढची कोरी चकती येते. तिच्या एका बाजूवर नेहमीचा ठसा उमटतो आणि दुसऱ्या बाजूवर त्या चिकटलेल्या नाण्याची छाप बसते, आत गेलेली आणि आरशातल्यासारखी उलटी. म्हणजे एकीकडे सिंहमुद्रा उठावदार आणि दुसरीकडे तीच सिंहमुद्रा खोल नि उलटी. 'पाच' हा आकडा अशा नाण्यावर कुठेच नसतो, कारण ती चकती पाचाच्या ठशाला लागलेलीच नसते.

शिक्षकांचं नाणं सराफ्यातल्या एका ओळखीच्या दुकानात काट्यावर ठेवलं. नऊ ग्रॅम, बरोबर. लोहचुंबकाला चिकटलं नाही, तेही बरोबर. मग दहापट भिंग लावून नाणं उजेडात तिरकं धरलं. उलट्या सिंहांच्या खाली, पुसट पण स्पष्ट, पाचाचा पोट आलेला वळसा दिसत होता. दुसऱ्या बाजूचे सिंह चपटे झालेले; आयाळीचे केस दाबून एकमेकांत मिसळलेले. कडेवर मधोमध जी खोबण असते ती एका अंगाला मिटत आलेली. कोरी चकती ठशाखाली दाबली जाते तेव्हा धातू ठशाच्या खळग्यात चढतो आणि बारीक रेघ न् रेघ उचलून घेतो. इथे धातू चढलेला नव्हता, बसलेला होता. दोन चांगली नाणी एकावर एक ठेवून व्हाइसमध्ये पिळली की नेमकं असंच होतं.

लिलाव करणाऱ्यांना कळवलं. त्यांचं म्हणणं, आधी छापलेलं नाणं पुन्हा ठशाखाली गेलं असेल, म्हणून पाच दिसतो. असं होऊ शकतं, मान्य. पण मग सिंहांच्या बाजूवरही ठसा दुसऱ्यांदा बसायला हवा, रेषा दुहेरी किंवा अधिक ठसठशीत दिसायला हव्यात. चपट्या कशा होतील? यावर उत्तर आलं नाही. कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'जसे आहे तसे, विक्री अंतिम' असं छापलेलं होतं, तेवढं दाखवण्यात आलं.

पोलीस ठाण्यात गेलो तर तिथल्या अधिकाऱ्यांनी सरळ प्रश्न केला : वजन खरं, धातू खरा, नाणं सरकारचंच, मग बनावट काय? त्यांना दोष देत नाही. नाणं खरंच आहे. त्याच्या जन्माची कहाणी खोटी आहे. नकली नाणी पाडणाऱ्यासाठी कायदा आहे, नाणं वितळवणाऱ्यासाठी किंवा नष्ट करणाऱ्यासाठी २०११च्या नाणे कायद्यात तरतूद आहे. पण खरं नाणं बिघडवून 'टांकसाळीची चूक' म्हणून विकणाऱ्याला कुठलं कलम लावायचं, याचं स्पष्ट उत्तर ठाण्यात मिळत नाही.

बाकीचे प्रकारही ओळखता येतात. पट्टीतून चकत्या कापताना पंच आधीच्या भोकावर चढला, तर नाण्याच्या कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी पडतो. अशा नाण्यात त्या कमी पडलेल्या तुकड्याच्या बरोबर समोरची कडही अशक्त असते, कारण कड उभी करणाऱ्या यंत्रात तिथे दाब पुरेसा बसत नाही. कानशीने कापलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते. दोन्ही बाजूंना एकच छाप असलेल्या नाण्यात कडेच्या आत सांधा शोधावा, कारण दोन नाणी कोरून एकमेकांना जोडलेली असू शकतात. दहा रुपयांच्या नाण्याचा मधला भाग ठोकून काढून उलटा बसवलेला असू शकतो. जुनं पाचाचं नाणं 'पितळी चकतीवर छापलेलं' म्हणून दाखवलं, तर आधी ते काट्यावर ठेवावं. पुढे आलेलं पिवळं नाणं सहा ग्रॅमचं; तुमच्या हातातलं नऊ भरलं तर तो मुलामा आहे.

हे सगळं मला, एका प्रेस शॉपवाल्याला, समजतं. ज्यांच्याकडे ते ठसे आहेत, त्या चकत्या आहेत, कुठल्या यंत्रात नाणं कसं अडकतं याचा रोजचा अनुभव आहे, त्यांना किती समजत असेल! म्हणून माझी मागणी एकच आहे. टांकसाळींनी शुल्क घेऊन, सही-शिक्क्यानिशी, अशा नाण्यांवर मत द्यावं. चार टांकसाळी चालवणारं महामंडळ स्मारक नाणी थेट लोकांना विकतंच. म्हणजे ग्राहकाशी व्यवहार करण्याची सवय त्यांना आहे.

आमच्या इंदूरला ही गोष्ट परकी नाही. होळकरांच्या मल्हारनगर टांकसाळीचे सूर्यमुखी रुपये आजही संग्रहांत आहेत. त्या काळच्या कितीतरी रुपयांवर सराफांनी मारलेल्या बारीक पारखखुणा सापडतात. ज्याने नाणं पारखलं, त्याने आपली खूण ठेवली. आज त्याच सराफ्यात अंगठी घेतली तर तिच्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, असतो आणि गिऱ्हाईक तो मोबाईलवर तपासून पाहतं. लिलावातल्या एरर नाण्यावर मात्र फक्त विकणाऱ्याचा शब्द. लिलाव घर कमिशन घेतं, तेच कॅटलॉग लिहितं, आणि तक्रार आली की न्यायही तेच करतं. हे मला मुळीच पटत नाही.

अमेरिकेतल्या एनजीसी आणि पीसीजीएस या संस्था नाणी तपासून सीलबंद डबीत देतात, आपल्याकडचे काही संग्राहक तिकडे पाठवतातही. पण पाच रुपयांच्या नाण्याची चूक ठरवायला ते सातासमुद्रापार का जावं? आणि आपल्या टांकसाळींच्या नोंदी त्यांच्याकडे असणार कुठून?

एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. टांकसाळ चुकांना प्रमाणपत्र देऊ लागली तर आतले लोक मुद्दाम चुका करून बाहेर काढतील. ही भीती मलाही वाटते. ठरलेल्या वजनाहून किंवा धातूहून वेगळं नाणं मुद्दाम पाडणाऱ्या टांकसाळ-कर्मचाऱ्याला भारतीय न्याय संहितेत शिक्षा आहे, पण तो पकडला जाईल कसा? आज अशी नाणी बाहेर विकली जातात आणि टांकसाळीला पत्ताही लागत नाही. तपासणीची खिडकी उघडली तर एकाच साली, एकाच टांकसाळीची, एकाच तऱ्हेची चूक वारंवार समोर येईल आणि चौकशीला धागा मिळेल. खिडकी बंद ठेवून चोरी थांबलेली नाही.

तोवर एक काम लगेच होऊ शकतं. एरर म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नाण्याचं वजन, व्यास, दोन्ही बाजू आणि कडेचा फोटो कॅटलॉगमध्ये असलाच पाहिजे, आणि नाणं बनवलेलं निघालं तर ठरावीक मुदतीत पूर्ण पैसे परत, असा नियम करावा. 'जसे आहे तसे' ही ओळ खोटेपणावर पांघरूण म्हणून चालू नये. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीबद्दल लोकांना सावध केलं होतं. तसाच खुलासा एरर नाण्यांबाबत आपल्या मंत्रालयाने काढावा, हिंदी-इंग्रजीसोबत मराठीतही.

शिक्षकांनी ते नाणं माझ्याकडे ठेवलं आहे. मुंबईच्या टांकसाळीत ते तपासायला द्यायची, गरज पडली तर कापून पाहू द्यायचीही त्यांची तयारी आहे. कुठल्या अधिकाऱ्याकडे, कुठल्या दिवशी आणायचं, एवढं आपल्या कार्यालयाने कळवावं. प्रवासखर्च आमचा आम्ही करू.

आपला,
एक नाणेसंग्राहक
रामबाग, इंदूर